बर्फ कधी पाहिलाच नाही, तरी थंड प्रदेशातल्या झाडं-बर्फ मॉडेलिंगच्या पीएचडी पोझिशनला अप्लाय करावं का? फोरट्रान यायलाच हवं का?

करा की. बर्फ पाहिला नाही ही काही अडचण नाहीये, बर्फात वाढलेली पोरंसुद्धा त्याच्याकडे नीट बघत नाहीत, त्यांना तो फक्त दारातून बाजूला ढकलायचा असतो. फोरट्रान, म्हणजे ती जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा, तिचं खाली सांगतो. आधी तुम्ही प्रश्नात जे लिहिलंय ना, की गाईड म्हणतात "हिवाळ्यात तिकडे झाडं झोपलेली असतात, मॉडेल कशाचं करणार?", त्यावर बोलू द्या (मॉडेल म्हणजे निसर्गाचं गणित संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम), कारण हेच वाक्य मी माझ्या एम.एस्सी.च्या सरांकडून ऐकलंय. नाव नको. माण तालुक्यातल्या पोराने दुष्काळावर काम करायचं सोडून बर्फाच्या मागे लागावं हे त्यांना पटलंच नाही, आणि ते त्यांनी चहाच्या वेळी अख्ख्या डिपार्टमेंटसमोर बोलून दाखवलं. रेफरन्स लेटर त्यांच्याकडूनच हवं होतं म्हणून मी गप्प बसलो. आता बोलतो.

स्वीडनच्या पार उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, अबिस्को नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात १९१३ पासूनच्या हवामानाच्या नोंदी आहेत. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम ३०० मिलिमीटर, डोंगरांच्या पर्जन्यछायेत पडतं म्हणून. म्हणजे सर, दुष्काळ तिथेही आहेच! मार्चमध्ये आम्ही तिथे खड्डा खणायला गेलो. बर्फात जमिनीपर्यंत सरळ भिंतीचा खड्डा खणायचा आणि थराथराची घनता, तापमान मोजत खाली जायचं, असं ते काम. जागा होती बुटक्या बर्चच्या (थंड प्रदेशातलं एक झाड) झुडपांची, गुडघ्याएवढी झुडपं, वरून नुसती दोन-चार टोकं दिसत होती. वरचा थर वाऱ्याने इतका घट्ट बसलेला की फावडं आत जाईना, करवतीने ठोकळे कापून काढले. आणि खाली गेलो तर सगळं भसाभस ओघळायला लागलं, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे मोठे मोठे कोरडे स्फटिक, मुठीत कितीही दाबा, गोळा होत नाही. हवा उणे अठरा आणि जमिनीलगत थर्मामीटर दाखवतोय उणे तीन. त्या स्फटिकांत वाकून पडलेली बर्चची फांदी, तिच्यावर कळ्या शाबूत.

जमीन त्यातल्या त्यात उबदार, वर हवा गार, म्हणून बर्फातल्या बर्फात वाफ खालून वर सरकते आणि तळाचा थर पोकळ होत जातो. आता बरीचशी मॉडेलं काय करतात, वरच्या वजनाने खालचा बर्फ दाबत नेतात, म्हणजे तळाला जड आणि वर हलका. खड्ड्यात नेमकं उलटं! घनता चुकली की उष्णता किती वाहते ते चुकतं, ते चुकलं की जमिनीचं तापमान चुकतं, आणि तिथून पुढे मुळं, जिवाणू, कार्बन सगळंच चुकत जातं. उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनींमध्ये वातावरणात आहे त्याच्या साधारण दुप्पट कार्बन आहे, त्यामुळे ही चूक किरकोळ नाही. त्यात ही "झोपलेली" झुडपं वाऱ्यावर उडणारा बर्फ अडवतात, थर जाड होतो, जमीन जास्त उबदार राहते, जिवाणू थंडीतही थोडंफार काम करतात, त्यातून नायट्रोजन सुटतो आणि तो झुडपालाच मिळतो. वसंतात तीच काळी टोकं बर्फाबाहेर येऊन ऊन शोषतात आणि आजूबाजूचा बर्फ लवकर वितळवतात, नाहीतर ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो. झोपलंय कोण?

(सगळीकडे असंच होतं असं नाही हां. उन्हाळ्यात तीच झुडपं सावली धरून जमीन गार ठेवतात, हिवाळ्यात फांद्यांमधूनही उष्णता जमिनीतून बाहेर जाते, त्यामुळे शेवटी बेरीज कुठल्या बाजूला जाते ते जागेवर अवलंबून. म्हणून तर मॉडेल लागतं.)

फोरट्रान. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाचं एलपीजे-गेस हे झाडंझुडपांचं मॉडेल सी प्लस प्लस या भाषेत आहे, अमेरिकेचं कम्युनिटी लँड मॉडेल फोरट्रानमध्ये, आणि नॉर्वेवाले त्यांच्या अर्थ सिस्टिम मॉडेलमध्ये (अख्ख्या पृथ्वीच्या हवामानाचं मॉडेल) जमिनीसाठी तेच लँड मॉडेल वापरतात. जाहिरातीत कुठलं मॉडेल लिहिलंय ते बघा. फोरट्रान लिहिता नाही आलं तरी चालेल, दुसऱ्याचा कोड वाचायची सवय पाहिजे. पायथन किंवा आर आणि लिनक्स मात्र आलंच पाहिजे, त्यात सूट नाही. आणि बर्फाच्या पृष्ठभागाचा ऊर्जा ताळेबंद, म्हणजे किती ऊर्जा येते आणि किती जाते, तो कागदावर मांडता आला पाहिजे, इंटरव्ह्यूत कधीही विचारतात.

स्वीडनमध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते, चार वर्षांची, शिकवायचं काम जोडलं तर पाचपर्यंत जाते. पण खड्डे खणायला मिळतील म्हणून जात असाल तर नका जाऊ, वर्षातले थोडे दिवस फील्ड, बाकी खुर्ची आणि एरर मेसेज. डिसेंबरात अबिस्कोला सूर्य उगवतच नाही, काही जणांना ते खरंच झेपत नाही, तेही बघा.

गाईडशी वाद घालत बसू नका. लेटर मुदतीच्या महिनाभर आधी मागा, आणि दुसरं एक लेटर ज्यांनी तुमचा कोड पाहिलाय त्यांच्याकडून घ्या. माझ्या सरांचं लेटर तीन ओळींचं होतं, त्यातली एक मी वेळेवर येतो अशी.