मॅट पेपरवर देऊ की कॉम्प्युटरवर?

"मॅडम, जास्त पर्सेंटाइल कशात पडतं?" फॉर्मचे दिवस आले की हा प्रश्न येतोच, आणि उत्तर एका शब्दात हवं असतं. एमबीएला कॅट किंवा आपली सीईटी द्यायची तर ही भानगडच नाही, तिथे कॉम्प्युटरच, पण एआयएमएच्या (ऑल इंडिया मॅनेजमेंट असोसिएशनच्या) मॅटला पेपर पण आहे, कॉम्प्युटर पण आहे आणि जादा पैसे भरून दोन्हीही देता येतात, मग काय, डोक्याला ताप.

बार्शीची एक मुलगी आलेली, बीकॉम, पुण्यात एका सीएकडे कामाला. वडील म्हणतात कागदच बरा, रूममेट म्हणते आता कागदावर कोण देतं. मला वाटलं दिवसभर टॅलीत असते, हिला स्क्रीनचं काय, सीबीटी (कॉम्प्युटरवरची) घे म्हणून मोकळी होणार होते. पण म्हटलं आधी इथे बसून सोडव. डेटा ॲनालिसिसचे ३० प्रश्न लॅपटॉपवर, दुसऱ्या दिवशी तसलेच ३० कागदावर, वेळ २४ मिनिटं (मॅटला १२० मिनिटांत १५० प्रश्न, म्हणजे एकाला ४८ सेकंद, तोच हिशोब).

लॅपटॉपवर पहिल्याच टेबलपाशी बाईंनी अख्खं टेबल रफ पानावर उतरवून काढलं. पाच कंपन्या, चार वर्षं, वीस आकडे. का गं? तर म्हणे, "आकड्याभोवती गोल काढल्याशिवाय तो मला दिसतच नाही." १७ प्रश्न झाले. कागदावर २४ झाले, टेबलातच खुणा, बाजूला भागाकार, मी खूश. मग ओएमआर, म्हणजे गोळे रंगवायची उत्तरपत्रिका, तपासायला घेतली तर ११वा प्रश्न सोडलेला आणि १२व्याचं उत्तर ११व्याच्या गोळ्यात, तिथून खाली सगळं एक घर वर सरकलेलं. गोळे सगळे शेवटच्या तीन मिनिटांत रंगवले होते. चुकीला पाव मार्क जातो, म्हणजे येत असलेल्या उत्तरांचेच मार्क कापले जाणार.

"म्हणजे दोन्हीकडे माझं अवघडच," ती रडवेली झाली. तसं नव्हतं. टेबल उतरवायची सवय परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांत जाईल असं मला वाटेना, गोळ्यांचं मात्र सुधारणार होतं. पान संपलं की त्या पानाचे गोळे लगेच, सोडलेल्या प्रश्नाच्या नंबरावर मोठी फुली, आणि दर पाचव्या गोळ्याला नंबर ओठांतल्या ओठांत म्हणायचा. एखादा उड्या मारत सोडवणारा, दहादा उत्तर बदलणारा असता तर त्याला मी सीबीटीच सांगितलं असतं, तिथे क्लिक बदलता येतं आणि राहिलेले प्रश्न बाजूच्या चौकोनांत रंगाने दिसतात.

दोन्ही भरू का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं ते पैसे मॉकला, सराव परीक्षांना, ठेव.

माझ्यासमोरच घरी फोन लावला. "कागदच ना?" पलीकडून आवाज. "हो पप्पा, पण तुम्ही म्हणालात म्हणून नाही हं."