बांधावर झाडं लावून ५ वर्षं झाली, तरी माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यामुळांतून मातीत आलेला कार्बन, तिथल्या तिथंच. मग झाडांचा उपयोग काय?

आधी सांगा, मातीचा नमुना घेतला कुठून? खताच्या शिफारशीसाठी नमुना काढताना बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची जागा टाळायची असते. खतासाठी ते बरोबरच आहे. पण झाडानं जिथं काम केलं नेमका तोच पट्टा सोडून आपण झाडाला नापास करतो. मीही केलं होतं.

मग एका मे महिन्यात दोन खड्डे घेतले, एक बांधावरच्या कडुनिंबापासून चार पावलांवर, दुसरा वावराच्या मधोमध. मधलं ढेकूळ मुठीत फुटेना. झाडाजवळचं बोटानं दाबलं की रव्यासारखं मोकळं व्हायचं, आत बारीक मुळांची जाळी. रंगही जरा गडद.

पालापाचोळा डोळ्याला दिसतो म्हणून सगळं श्रेय त्याला जातं. खरं तर त्यातला बराचसा कर्ब सूक्ष्मजीव खातात आणि श्वासावाटे हवेत सोडून देतात. मुळांचा जास्त टिकतो. बारीक मुळं मरतात, नवी फुटतात, मेलेल्यांचा अंश मातीच्या कणांना चिकटून राहतो. त्यात बुंध्याजवळ नांगर जात नाही, हा आणखी फायदा. आणि मुळं खोल जातात, आपला नमुना मात्र वीतभराचा.

आता हिशेब बघा. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८०० टन माती असते. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ८०० किलो कर्ब जमिनीत टिकवायचा. वाळलेल्या पाल्यात निम्म्याहून थोडा कमी कर्ब असतो; त्यातला पाचवा हिस्सा टिकला असं धरलं, तरी ९ टनांच्या आसपास पाला लागेल. बांधावरची दहा-बारा रोपटी ५ वर्षांत तो कुठून आणणार?

मधल्या वावरातही फरक हवा असेल तर बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाचं झाड) लावा, त्याचा पाला छाटून तुरीच्या ओळींत पसरा. फुटवा लगेच येतो. सावलीनं कडेच्या दोन ओळींतलं सोयाबीन मार खातं, हे मात्र धरून चाला. शेजाऱ्याच्या बाजूला सावली पडणार असेल तर आधी त्याला विचारा. मी विचारलं नव्हतं, अजून बोलणं तुटकच आहे.

पुढच्या वेळी झाडाजवळचा आणि मधला नमुना वेगवेगळ्या पिशव्यांत द्या, आणि दोन्ही जागी खुणेचा दगड पुरून ठेवा. तीन वर्षांनी त्याच महिन्यात, तिथूनच माती घ्यायची आहे.