आत्याचं चार्म ब्रेसलेट मोडीत घालू नका, आधी ते वाचून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये आयुष्य काढलेल्या आत्यांनी त्यांचं चांदीचं ब्रेसलेट तुम्हाला दिलं आहे. साखळीला बदामाच्या आकाराचं छोटं कुलूप आहे आणि चौदा लटकनं आहेत. घोड्याची नाल, २१ आकड्याची किल्ली, उघडणारं चर्च, काळं मांजर, काचेखाली घडी घातलेली नोट, पायावर पाय टाकून बसलेलं एक विचित्र भूत, आणि एकाच कडीत क्रॉस, जहाजाचा नांगर व बदाम. मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला तुम्हाला त्यात सोन्याचा गणपती घालून द्यायचा आहे. सोनार म्हणतो, "चांदी मोडीत घाला, नवीन घडवून देतो." या लटकनांना खरंच काही अर्थ असतो का, आणि करायचं काय?

मोडीत अजिबात घालू नका. मोडीत फक्त ग्रॅम आणि टंच मोजतात. नाल काय आणि चर्च काय, भाव एकच. या दागिन्याचं मोल दोन गोष्टींत आहे: लटकनं कोणती आहेत आणि कोणत्या क्रमाने आली. ती मुशीत गेली की परत मिळत नाहीत.

अशा लटकनाला ‘चार्म’ म्हणतात. हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या ‘कार्मेन’वरून आला. कार्मेन म्हणजे गाणं, मंत्र. म्हणजे मुळात हा मंतरलेला ताईतच. प्राचीन इजिप्तमध्ये जिवंत माणसं आणि ममी, दोघांच्याही अंगावर असे ताईत असत. रोममध्ये मुलग्यांच्या गळ्यात ‘बुल्ला’ नावाची पोकळ डबी असे आणि मुलगा वयात आला की ती उतरवत. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आपण काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधतो किंवा गळ्यात वाघनख घालतो, त्याच कुळातली ही गोष्ट. तोवर चार्मचं काम रक्षण हे होतं.

चार्म ही आठवणीची खूण झाली ती मुख्यतः राणी व्हिक्टोरियाच्या काळात. २१ नोव्हेंबर १८४० ला तिला पहिली मुलगी झाली आणि तीन दिवसांनी तिचा नवरा अल्बर्टने तिला सोन्याचं एक ब्रेसलेट दिलं. पुढे प्रत्येक बाळागणिक त्यात मिन्याचा एक बदाम वाढत गेला. नऊ मुलं, नऊ रंगांचे नऊ बदाम, आणि प्रत्येकात त्या त्या मुलाच्या केसांची बट. हा दागिना एकदम घडवलेलाच नाही, तो आयुष्याबरोबर वाढला. आजही चार्म ब्रेसलेटची ओळख हीच आहे. १८६१ मध्ये अल्बर्ट गेल्यावर राणीने आयुष्यभर दुखवटा पाळला. केसांची बट ठेवलेले लॉकेट आणि काळ्या जेट दगडाचे दागिने मग घराघरांत पोचले.

विसाव्या शतकातलं ठळक उदाहरण वॉलिस सिम्पसनचं. जिच्यासाठी ब्रिटनच्या राजाने, आठव्या एडवर्डने, गादी सोडली, ती. कार्तिये या फ्रेंच जवाहिऱ्यांकडचं तिचं हिऱ्यांचं ब्रेसलेट तिने ३ जून १९३७ ला लग्नात घातलं होतं; पुढे वाढत त्याला रत्नजडित नऊ क्रॉस झाले. क्रॉसांवर दोघांच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. एक तर तिच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा आहे. इतकी खासगी, घरगुती नोंद आणि तीही हिऱ्यांत! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक जिथे जातील तिथून छोटी लटकनं आणत. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या ब्रेसलेटांची खरी भरभराट होती. तुमच्या आत्यांचं ब्रेसलेट वर्णनावरून त्याच काळातलं वाटतं. बदामी कुलूप आणि कुलपाला बारीक सुरक्षा-साखळी, ही ब्रिटिश घडण आहे.

आता तुमची लटकनं. घोड्याची नाल आणि काळं मांजर ही शुभचिन्हं आहेत. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की माणूस थबकतो, पण ब्रिटनमध्ये काळं मांजर भाग्याचं मानतात, तेव्हा ते काढून टाकू नका. क्रॉस, नांगर, बदाम म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रेम. ही ख्रिस्ती त्रयी आहे आणि ती एकाच कडीत असते; वेगळी केली तर अर्थ तुटतो. बसलेलं भूत बहुधा इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या कॅथेड्रलमधलं ‘लिंकन इम्प’ असावं. तिथल्या खांबांवर वर कोरलेलं हे पिशाच्च आहे. दंतकथा अशी की चर्चमध्ये धुडगूस घातला म्हणून देवदूताने त्याला दगड केलं. हे लटकन बरेचदा त्या शहराच्या भेटीची खूण म्हणून घेत. आत्या लिंकनला कधी गेल्या होत्या का, ते विचारा.

किल्लीवरचा २१ म्हणजे एकविसावा वाढदिवस. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९७० पर्यंत सज्ञान होण्याचं वय २१ होतं. त्या वयात घराची किल्ली मिळते, ही त्यामागची कल्पना. पुढे वय १८ झालं. तुमच्या मुलीलाही हे अठराव्याला मिळणार आहे, त्यामुळे ही किल्ली तिला आवर्जून समजावून सांगा.

चर्चचं छप्पर किंवा दार नखाने हलकेच उघडून पाहा. आत बहुतेक नवरा-नवरीची इवलीशी जोडी असेल. लग्नाची भेट म्हणून ही फार चालत. नोट तपकिरी रंगाची असेल तर ती दहा शिलिंगची. अडीअडचणीला काच फोडून वापरायची, असा त्यातला लाडिक संकेत. ही नोट नोव्हेंबर १९७० मध्ये चलनातून गेली, त्यामुळे ते लटकन त्याआधीचं धरायला हरकत नाही.

काळ आणखी नेमका हवा असेल तर दहापट भिंग घ्या आणि कुलपाची मागची बाजू पाहा. चार छाप दिसायला हवेत: घडवणाऱ्याची आद्याक्षरं, चालता सिंह (म्हणजे ९२५ चांदी), शहराची खूण (नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन) आणि वर्षाचं अक्षर. १९७४ पर्यंत प्रत्येक शहराची अक्षरमाला वेगळी होती, म्हणून त्या शहराचाच तक्ता पाहावा लागतो. १९७५ पासून सगळीकडे एकच माला सुरू झाली आणि ती A ने. साखळीच्या कड्यांवरही बरेचदा सिंह असतो. मात्र कुलपाचं वर्ष हे साखळीचं वर्ष, लटकनं पुढे-मागे आलेली असणार. छोट्या लटकनांवर नुसतं ‘सिल्व्हर’ लिहिलेलं असेल किंवा काहीच नसेल, तर लगेच खोटं समजू नका. ब्रिटनमध्ये १९७५ पासून ७.७८ ग्रॅमच्या आतल्या चांदीच्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही.

सोनाराकडे नेण्याआधी घरी एक काम करा. ब्रेसलेट पांढऱ्या कापडावर सरळ, पीळ न देता पसरा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कुलपापासून १ ते १४ क्रमांक द्या आणि कागदावर लिहा: लटकन काय, कडी कशी, छाप काय. तो फोटो आत्यांना पाठवून फोनवर एकेक विचारा. "सगळ्यांचं काय ते सांग" असं विचारलं की माणसं दोन वाक्यांत उरकतात. "सहावं, ते मांजर, कुणी दिलं?" असं विचारलं की गोष्ट निघते. हे सगळ्यात आधी करा. दुरुस्तीत क्रम बदलला तर पुढे काही जुळत नाही.

मग झीज तपासा. या ब्रेसलेटांत पहिल्यांदा झिजते ती लटकनाची कडी, त्यानंतर तिच्यावर घासणारा साखळीचा दुवा. कडी एका जागी अर्ध्याहून बारीक झाली असेल तर बदलाच. बदली कडी ०.८ ते १ मिलिमीटर जाडीच्या चांदीच्या तारेची असावी, जड लटकनाला १ मिलिमीटरचीच. कडी उघडताना दोन पकडींनी टोकं पुढे-मागे पिळायची, बाजूला फाकवायची नाहीत. फाकवली की गोलाई जाते आणि सांधा पुन्हा नीट मिटत नाही. मिटलेली कडी झाळून (म्हणजे डाख देऊन जोडून) घ्या. नुसती दाबून ठेवलेली कडी कधी ना कधी ओढणीत किंवा पदरात अडकून उघडते आणि लटकन हरवलं हे घरी आल्यावर कळतं.

झाळताना तीन धोके आहेत, ते सोनाराला तोंडी सांगा. पहिला, मिना, मोती आणि फिरोजा आच सहन करत नाहीत; मिना तडकतो, मोती करपतो. दुसरा, उघडणाऱ्या चर्चच्या बिजागरीत झाळ वाहून गेली की ते कायमचं बंद. तिसरा धोका बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आधी कुणी कथिल-शिशाने डागडुजी केली असेल (राखाडी, मऊ, गुठळीसारखा थेंब दिसतो) आणि त्यावर चांदीची झाळ द्यायला गेलं, तर शिसं तापून चांदीत उतरतं आणि खड्डे पडतात. असा थेंब आधी पूर्ण खरवडून काढावा लागतो. या तिन्हींपैकी काहीही असेल तर लेझर वेल्डिंग करणारा कारागीर शोधा. आच तिथल्या तिथे राहते, लटकन काढावंही लागत नाही.

उजाळा देण्याची घाई नको. नक्षीच्या खाचांतला काळेपणा काही वेळा घडवतानाच मुद्दाम दिलेला असतो. तो गेला की चेहरे सपाट दिसतात. चांदी बुडवून चकचकीत करणारं द्रावण इथे वापरू नका. ते बिजागरीत आणि पोकळ लटकनांत शिरून बसतं. टूथपेस्ट आणि रांगोळीने ओरखडे येतात. कोमट पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि लगेच सुती कापडाने टिपणं, एवढं पुरे. नोटेच्या लटकनाला पाणी अजिबात लावायचं नाही, आत कागद आहे. त्यामुळे सगळं ब्रेसलेट पाण्यात बुडवू नका, एकेक लटकन ब्रशने पुसा. ठेवताना हवाबंद पिशवी आणि ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी. रबर बँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

आता गणपती. २२ कॅरेटचा नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ते सोनं मऊ असतं आणि चांदीच्या लटकनांवर दिवसभर आपटत राहिलं की सोंड आणि हात आधी बोथट होतात. १८ कॅरेटचा करा, किंवा चांदीचाच करून वर सोन्याचं पाणी न देता तसाच ठेवा. पाणी अशा घर्षणात लवकर उडतं. सुटी मूर्ती न घेता उठावाचं चपटं पदक घ्या, साधारण १२ ते १५ मिलिमीटरचं, मागून भरीव. पोकळ मूर्तीला पोचे येतात. भारतात २ ग्रॅमच्या आतल्या सोन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणून एक तर २ ग्रॅमच्या वर करून बीआयएसचा छाप आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) घ्या, किंवा पावतीवर कॅरेट आणि वजन लिहून घ्या.

काही घरांत देव हातात घालत नाहीत, उष्टा-खरकटा हात लागतो म्हणून. तुमच्याकडे तसं असेल तर मोदक किंवा जास्वंद करून घ्या. चार्मच्या रीतीला ते जास्त धरूनही आहे: चर्चने लग्न सांगायचं, किल्लीने वय सांगायचं, तसा मोदकाने गणपती.

जागा निवडताना साखळी सपाट धरून सगळी लटकनं ज्या बाजूला आहेत त्याच बाजूच्या दुव्यात अडकवा, नाहीतर साखळी पीळ खाते. जड लटकन कुलपाजवळ आलं तर ब्रेसलेट सारखं फिरतं. जड लटकनांची जागा कुलपाच्या समोर, मध्यावर. नवं लटकन हलकं असेल तर शेवटच्या रिकाम्या दुव्यात टाका, म्हणजे काळाचा क्रमही राहील. मनगटाच्या मापापेक्षा साखळी अडीच ते तीन सेंटिमीटर मोठी हवी. कमी पडली तर जुने दुवे न तोडता कुलपाकडे दोन नवे दुवे घाला.

हल्ली दुकानांत मिळतात ती डॅनिश पद्धतीची, जाड साखळीत ओवायची मण्यांसारखी चार्म यात चालणार नाहीत. पॅन्डोरा या डॅनिश कंपनीने २००० मध्ये तशी ब्रेसलेटं बाजारात आणली. त्या चार्मना आरपार भोक असतं, लटकायची कडी नसते. इटालियन पद्धतीची चपटी तर स्टीलच्या दुव्यांतच बसतात. मैत्रिणी पुढे भेट देणार असतील तर मुलीला हे आधीच सांगून ठेवायला सांगा: कडी असलेलं, ९२५ चांदीचं, तीन-चार ग्रॅमच्या आतलं.

मुलीने ते रोज कॉलेजला घालू नये. सणासमारंभाला, ज्या हाताने लिहीत नाही त्या हातात, आणि झोपताना काढून. वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसालाच, सगळ्या कड्या भिंगाखाली पाहून घ्या. चौदा ओळींचा तो कागद डबीत ब्रेसलेटसोबत ठेवा आणि पंधरावी ओळ तिच्या हातची असू द्या: तारीख, कुणी दिलं, आणि का.