नुसतं 'को' लावून जपानी नाव होत नाही

प्रश्न आलाय की कथेत टोकियोतली 17 वर्षांची मुलगी आहे, तिचं नाव 'हानामिको' ठेवलं तर अस्सल जपानी वाटेल का, आणि आडनाव तनाका चालेल का.

नाही वाटणार हो! हानामी म्हणजे साकुरा, म्हणजे चेरी, फुलला की झाडाखाली चटया टाकून खातपीत बसणं, त्याला को जोडलं म्हणजे मुलीचं नाव वनभोजनी ठेवल्यासारखं झालं. दिसेल त्या शब्दाला को चिकटवायची ही खोड इतक्या कथांमध्ये बघतोय की डोकं उठतं.

त्यात नावांच्या याद्या करणारे ठोकून देतात, 'को म्हणजे मूल, म्हणून मुलींना लावतात'. साफ अमान्य! अक्षराचा अर्थ मूल आहे, कबूल, पण तेच अक्षर चिनीत गुरूच्या नावामागे आदराने लागतं, कन्फ्युशियसला जपानीत कोशी म्हणतात त्यातला 'शी' म्हणजे हेच अक्षर, फक्त उच्चार वेगळा. आणि 607 साली जपानच्या दरबाराने चीनच्या स्वी घराण्यातल्या सम्राटाकडे दूत पाठवला त्याचं नाव काय, तर ओनो नो इमोको, चांगला बाप्या माणूस! त्यातलं 'नो' म्हणजे आपलं चा, ओनो घराण्याचा इमोको. त्याच काळातला बलाढ्य मंत्री सोगा नो उमाको, तोही पुरुषच. पुढे हे को राजकन्या आणि सरदारांच्या लेकींकडे गेलं, सामान्य घरांत पसरलं ते थेट मेइजी काळापासून (1868 ते 1912), म्हणजे को हा थाट होता, लाडाचं शेपूट नव्हे, आणि माझं ठाम मत आहे की विसाव्या शतकात आईबापांनी धडाधड को लावलं ते या थाटापायीच. राजघराण्यात तो अजून आहे, सम्राज्ञी मासाको, राजकन्या आइको बघा.

1926 च्या शेवटी नवा सम्राट गादीवर आला, शोवा नावाचं युग लागलं आणि त्यातलं 'वा' अक्षर घेऊन काझुको नावाच्या पोरींची लाटच आली, कारण नावात तेच अक्षर काझु असं वाचतात. त्यामुळे आज काझुको म्हटलं की आजीच डोळ्यासमोर येते.

तुमची पोरगी 2008 च्या आसपास जन्मलेली, तिला आओई नाहीतर हिना म्हणा, को हवंच असेल तर तिच्या आजीला द्या. तनाका चालेल, फक्त आडनाव आधी, तनाका आओई. आणि तिच्या तोंडी 'मी तनाका सान' घालू नका प्लीज, सान हा आदराचा शब्द दुसऱ्याच्या नावाला लावतात, स्वतःच्या कधीच नाही.