दिवाळीत ऑपरेशन की मे महिन्यात? मणक्याची शस्त्रक्रिया आणि विम्याची तारीख

नमस्कार. तुमच्या पत्राचा सारांश आधी देते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. जूनमध्ये स्कोलिओसिसचं, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या विकाराचं निदान झालं तेव्हा छातीमागच्या भागातला बाक ५० अंश होता, ऑक्टोबरच्या एक्स-रेत ५२. बडोद्यातल्या डॉक्टरांनी स्क्रू आणि रॉड घालून मणके जोडायचं, म्हणजे फ्यूजनचं ऑपरेशन सुचवलंय आणि दिवाळीच्या सुट्टीतली तारीख देऊ केलीय. हॉस्पिटलचा अंदाज ७,२०,००० रुपये. नंदेसरीतल्या तुमच्या कंपनीचा ग्रुप विमा ३ लाखांचा. घरचा १० लाखांचा फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाचा एकत्र विमा, गेल्या वर्षी २० मेला सुरू झालाय आणि मणक्याच्या विकारांना त्यात २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे, म्हणजे या ऑपरेशनचा दावा येत्या २० मेनंतरच करता येईल. आजोबा म्हणतात आधी पट्टा लावून बघा, मेहुणे म्हणतात सुकन्या खातं मोडा, आणि तुम्ही विचारताय की मेपर्यंत थांबलं तर चालेल का.

पैशाच्या बाजूनं बघितलं तर थांबण्यात सव्वाचार लाखांच्या आसपास वाचतात. ही रक्कम तुमच्या पगारात लहान नाही, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो डॉक्टरांना विचारताना ओशाळायचं काही कारण नाही. फक्त उत्तर त्यांच्याकडूनच यायला हवं, कारण ते एका आकड्यावर ठरतं आणि तो तुमच्या पत्रात नाही. तो म्हणजे रिसर ग्रेड. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला हाड किती भरलंय ते एक्स-रेत बघून ० ते ५ असा हा आकडा देतात. ०, १ किंवा २ असेल तर उंची वाढायची आहे, आणि वाढत्या वयात ५० अंशांचा बाक काही महिन्यांतही बराच पुढे जाऊ शकतो. ४ किंवा ५ असेल तर वाढ संपत आलीय. त्यानंतरही ५० अंशांपुढचा बाक थांबत नाही, पण साधारण वर्षाला एक अंश अशा गतीनं सरकतो. ५० वरून ५२ हा फरक मोजणीतल्या चुकीतच बसतो. दोन मोजणींत पाच अंशांपर्यंत तफावत येऊ शकते. त्यामुळे दोन्ही एक्स-रे एकाच डॉक्टरांनी, त्याच वरच्या आणि खालच्या मणक्यांमधून मोजलेत का, हे विचारा.

पुढच्या भेटीत तीन प्रश्न लिहून न्या. रिसर किती आहे, आणि पाळी सुरू होऊन किती काळ झाला ते धरून वाढ किती उरलीय? २० मेनंतर ऑपरेशन केलं तर जोडायच्या मणक्यांची संख्या बदलण्याची शक्यता आहे का? मधल्या काळात एक्स-रे कधी काढायचा आणि किती अंश वाढले तर लगेच करायचं? दुसरा प्रश्न पैशाचाही आहे. बाक वाढून ताठर झाला तर कदाचित जास्त मणके जोडावे लागतात, स्क्रू वाढतात, ऑपरेशन लांबतं, आणि थांबून वाचवलेले पैसे तिथेच जातात. पाठीचे मणके जितके जास्त जोडले जातील तितका कण्याचा हलणारा भाग कमी होतो, ते नुकसान तर भरूनच येत नाही.

पट्ट्याबद्दल आजोबांना एवढंच सांगा की तो वाढत्या मुलांत साधारण २५ ते ४० अंशांच्या बाकाला आवर घालण्यासाठी असतो. ५२ अंशांना पट्टा करून घेणं म्हणजे हजारो रुपये आणि महत्त्वाचे महिने दोन्ही घालवणं. दुसरं मत मात्र जरूर घ्या. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात सरकारी स्पाइन इन्स्टिट्यूट आहे. एक दिवस आणि गाडीभाड्याएवढाच खर्च.

आता समजा डॉक्टर म्हणाले, वाढ बाकी आहे, थांबू नका. मग दिवाळीतच करा आणि पैशावरून एक दिवसही वाद घालू नका. तुम्ही अंदाजपत्रक पाठवलंय त्यात इम्प्लांट २,९०,०००, सर्जन, भूल आणि ओटी २,४०,०००, ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारं न्यूरोमॉनिटरिंग ४५,०००, आयसीयू आणि खोली ६५,०००, औषधं, रक्त, तपासण्या ८०,०००. पैसे कमी करायचे म्हणून न्यूरोमॉनिटरिंगवर कात्री लावायला कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. बाक सरळ करताना मज्जारज्जूवर ताण आला तर ते त्याच वेळी कळण्याचा हा मार्ग आहे.

ग्रुप विम्यात खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ३,००० आणि तुम्ही बघितलेली खोली ६,०००, म्हणून तुम्हाला अर्धा दावा कापला जाण्याची भीती वाटतेय. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की त्याच प्रमाणात दावा कापतात, ती प्रमाणशीर कपात सर्जनची फी, ओटी, खोली अशा खर्चांना लागते. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना ती लावता येत नाही. तुमच्या बिलात इम्प्लांटच २,९०,००० चे आहेत, म्हणजे बाकीचं अर्ध्यावर आलं तरी ३ लाखांची मर्यादा भरतेच. अपवाद एकच: कंपनीच्या पॉलिसीत इम्प्लांटवर वेगळी कमाल रक्कम लिहिली असेल तर सगळं गणित बदलतं. एचआरकडून सारांशपत्रक नको, पूर्ण पॉलिसी मागा आणि मुलांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का तेही तिथेच बघा.

उरतात ४,२०,०००. तुमच्याकडे २,५०,००० ची एफडी आहे आणि शिक्षणासाठी ठेवलेले ६,१०,००० चे इक्विटी म्युच्युअल फंड. फंडातून २,४०,००० आणि एफडीतून १,८०,००० काढा. एक वर्षाहून जुन्या युनिट्सवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे. जुनी युनिट्स आधी विकली जातात म्हणून यातली अर्धी रक्कम नफा धरली तरी १,२०,००० होतात, कर लागत नाही. या आर्थिक वर्षात आधी काही विकलं असेल तर तेवढं वजा करा. ४ लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १३,६७० आणि व्याज ९२,००० च्या घरात जातं. फंड विकून हे टळतं.

सुकन्या खात्याला हात लावू नका. मुदतीआधी ते बंद करायची सवलत जिवावरच्या आजारासारख्या प्रसंगासाठी आहे, आणि हे ऑपरेशन त्यात बसवताना दमछाक होईल. उलट दहावी झाल्यावर शिक्षणासाठी त्यातली निम्मी शिल्लक काढता येते. म्हणजे फंडातून गेलेली शिक्षणाची रक्कम सुकन्या भरून काढेल, तीही ८.२ टक्क्यांनी वाढत असताना.

एफडीत ७०,००० उरतील. हे कमी आहेत आणि ही मला खरी काळजी वाटते. जखमेत जंतुसंसर्ग झाला, एखादा स्क्रू नीट बसला नाही किंवा मणके जुळून आले नाहीत तर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. असं क्वचित होतं, पण झालं तर ग्रुप विमा संपलेला असेल आणि फ्लोटरची प्रतीक्षा चालू असेल. म्हणून एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी न मोडता लागेल तेव्हा उचल) आणि फंडांवर कर्जाची मर्यादा आत्ताच मंजूर करून ठेवा, वापरू नका.

दुसरी शक्यता: रिसर ४ निघाला आणि डॉक्टर म्हणाले मेपर्यंत चालेल. मग थांबा. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपेल आणि २० मेनंतर पूर्ण ७,२०,००० फ्लोटरच्या दहा लाखांत बसतील. ग्रुप विमा राखीव ठेवा. आधी ३ लाख ग्रुपमधून कॅशलेस आणि बाकीचे फ्लोटरमधून परतफेडीनं असं केलंत तर ४,२०,००० आधी खिशातून भरावे लागतील. फ्लोटरवरचा दावा न केल्याचा बोनस गेला तरी चालेल, एकाच ठिकाणी कॅशलेस करा. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी शाळेत जाता येतं, म्हणजे अकरावीचे पहिले काही दिवस बुडतील. जड दप्तर, खेळ, गरबा मात्र डॉक्टर सांगतील तोवर बंद. नवरात्र त्या वर्षी बसूनच बघावी लागेल हे तिला आधीच सांगा.

थांबण्याच्या या मार्गात सगळा धोका कागदांत आहे. ओपीडीत निवासी डॉक्टर घाईत विचारतात, कधीपासून आहे? आई म्हणते, खांदा वर दिसतोय दोन-तीन वर्षांपासून. केसपेपरवर उतरतं, 'तीन वर्षांपासून व्यंग'. दावा तपासणारा माणूस एक्स-रेच्या आधी ही ओळ वाचतो आणि आजार पॉलिसीच्या आधीचा ठरवतो. मग प्रतीक्षा २४ नव्हे, ३६ महिन्यांपर्यंत जाते. नियमाप्रमाणे पूर्वीचा आजार म्हणजे पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरनं निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरचा सल्ला वा उपचार झाला असा. घरच्यांना खांदा तिरका वाटला, एवढ्यानं तो ठरत नाही. पण शाळेच्या तपासणीत डॉक्टरनं सांगितलं असेल, एखाद्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलं असेल, तर ते लपवू नका. तसं असेल तर मे ही तारीख तुमची नाहीच, आणि ते आत्ता कळलेलं बरं. तसं नसेल तर पहिलं निदान कधी आणि कुणी केलं ते नेमकं सांगा आणि लिहिलेलं वाचून बघा.

डॉक्टरांच्या पत्रात 'अ‍ॅडोलेसंट इडिओपॅथिक स्कोलिओसिस' (किशोरवयात, ठरावीक कारणाशिवाय आलेला बाक) असं पूर्ण नाव हवं. नुसतं 'स्कोलिओसिस' किंवा चुकून 'जन्मजात' लिहिलं की प्रश्नांची मालिका सुरू होते. दोन्ही एक्स-रेंचे अंश तारखेसह आणि ऑपरेशन दिसण्यासाठी नाही, वैद्यकीय गरजेचं आहे हे वाक्यही हवं. ही फाइल घेऊन विमा कंपनीला ईमेलनं विचारा: २० मेनंतर हा दावा ग्राह्य आहे का? फोनवरच्या 'हो सर' ला किंमत नाही. तोवर कंपनी बदलू नका, आणि मेचं नूतनीकरण मुदतीच्या आधीच भरा. विमा रक्कम वाढवली तर वाढीव रकमेची प्रतीक्षा नव्यानं सुरू होते, त्यामुळे तो विचार सध्या नको.

करात फारसं हाती लागत नाही. ८० डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत विम्याच्या हप्त्याची वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. गंभीर आजारांच्या उपचारखर्चावर वजावट देणाऱ्या ८० डीडीबीच्या यादीत स्कोलिओसिस नाही. पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर गुजरातेत कुटुंबाला १० लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण तुमचं उत्पन्न त्या मर्यादेच्या वर आहे. ज्यांचं बसतं त्यांनी आधी तेच बघावं.

दिवाळीची तारीख डॉक्टरांना भेटेपर्यंत रद्द करू नका. ऑपरेशनच्या काही दिवस आधी पूर्वमंजुरीचे कागद टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) जायला हवेत, म्हणून भेट याच आठवड्यात ठरवा.