अवजड छत्री की न आवरणारी छत्री?

प्रश्न : मी एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करीत आहे. कथेतला सात वर्षांचा मुलगा कडाक्याच्या थंडीत, भर पावसात, वडिलांची छत्री घेऊन शाळेत जातो. लेखकाने त्या छत्रीला 'अनवील्डी', मुलाच्या बोटांना 'क्लम्झी', त्याच्या अंगावरच्या ओव्हरकोटाला 'कम्बरसम' आणि मुख्याध्यापकांच्या भाषणाला 'पॉन्डरस' म्हटले आहे. शब्दकोशात या सर्वांपुढे जड, अवजड, बोजड हेच शब्द फिरून फिरून येतात. मी 'अवजड छत्री' असे लिहिले खरे, पण ते मलाच खटकते आहे. या शब्दांतला फरक कसा ओळखावा?
— एक अनुवादिका, सांगली

उत्तर : तुम्हाला खटकते आहे ते योग्यच आहे, कारण छत्री मुळात जड नसतेच. या शब्दांचा विचार करताना वजन किती आहे हे विचारण्याऐवजी अडचण नेमकी कुठे आहे, वस्तूच्या भारात, तिच्या आकारात की ती धरणाऱ्या हातात, हे विचारावे. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर घ्या. आतला गॅसच १४.२ किलो, वर लोखंडाचे वजन, पण वर धरायला कडे असल्यामुळे एकटा माणूस तो खांद्यावर टाकून तीन जिने चढतो; तो 'हेवी' आहे, 'अनवील्डी' नाही. याउलट कापसाची डबल गादी वजनाने त्याहून हलकी असली, तरी जिन्याच्या वळणावर दोघांनाही दाद देत नाही. 'वील्ड' या क्रियापदाचा जुना अर्थ सत्ता चालवणे, ताब्यात ठेवणे असा होता आणि आजही इंग्रजीत तलवार आणि अधिकार दोन्ही 'वील्ड' केले जातात. म्हणून 'अनवील्डी' म्हणजे न आवरणारे. मराठीत 'आवरणे' हे क्रियापद इतके नेमके हाताशी असताना 'अवजड' हा शब्द ट्रकसाठी आणि कारखान्यांसाठी राखून ठेवावा, असे मला वाटते.

'कम्बरसम' या शब्दातली अडचण वाटेत येणारी असते. त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधल्या अडवणूक करण्याच्या कल्पनेत आहे आणि त्याच घराण्यातला 'एन्कम्ब्रन्स' हा शब्द आपल्याला जमिनीच्या व्यवहारात भेटतो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा जो 'बोजा' चढतो, तोच हा. म्हणजे इथे मराठीनेही भाराचाच शब्द निवडला आहे. ओव्हरकोटासाठी 'पायात येणारा' किंवा 'लोढण्यासारखा' म्हणता येईल. सरकारी कार्यपद्धतीला हेच विशेषण लावले असेल, तर मात्र 'किचकट' हा शब्द बरा.

'पॉन्डरस' हा लॅटिनमधल्या वजनवाचक 'पाँडुस' या शब्दावरून आला. मनात तोलून पाहणे या अर्थाचे 'पाँडर' हे क्रियापद त्याचेच भावंड, पण 'पॉन्डरस' भाषण विचारांनी भरलेले असेलच असे नाही. ते संथ आणि कंटाळवाणे असते. 'वजनदार भाषण' हा अनुवाद इथे घातक ठरेल, कारण मराठीत 'वजनदार' ही स्तुती आहे. आपल्याकडे जडपणाला मान आहे. 'गुरु' या शब्दाचा मूळ अर्थच जड असा असून लॅटिनमधला 'ग्राविस' आणि त्यावरून आलेला इंग्रजी 'ग्रॅव्हिटी' हे त्याचे दूरचे नातलग आहेत. मुख्याध्यापकांच्या भाषणासाठी 'जडजंबाल' हा शब्द वापरावा. तो उच्चारतानाच जीभ जड होते.

आता 'क्लम्झी', जो मला या चौघांत सर्वांत जवळचा वाटतो. त्याचा अनुवाद सहसा धांदरट, धसमुसळा किंवा वेंधळा असा होतो, परंतु धांदरट माणसाला घाई नडते, धसमुसळ्याला आपल्या हातचा जोर कळत नाही आणि वेंधळ्याचे लक्षच ठिकाणावर नसते. 'क्लम्झी' माणसाचे लक्ष असते, त्याला घाईही नसते, फक्त हात ऐकत नाहीत. हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला, आणि त्याच्या आधीचे मध्ययुगीन इंग्रजीतले क्रियापद थंडीने बधिर होण्यासंबंधी होते. काकडलेल्या बोटांनी शर्टाचे बटण लावून पाहिले की हा अर्थ समजतो : बटण दिसते, काजे दिसते, अंगठा मात्र दुसऱ्याचाच असल्यासारखा वाटतो. तुमच्या कथेतला मुलगा थंडीतच चालला आहे, त्यामुळे लेखकाने हा शब्द जाणूनबुजून योजला असण्याचा संभव आहे. 'क्लम्झी' माफीनामा किंवा 'क्लम्झी' वाक्य आले, तर 'ओबडधोबड' चालेल, पण बोटांना तो शब्द लावू नये.

पुढे 'ऑकवर्ड' आला, तर तिथे 'अवघडलेला' हा शब्द आठवावा. मूळ इंग्रजी शब्दात उलट्या दिशेला वळलेले असा भाव आहे. मराठीत एका कुशीवर निजून अवघडलेला हात, पाहुण्यांपुढे अवघडलेला मुलगा आणि दिवस भरत आलेली अवघडलेली बाई अशा तीन ठिकाणी हाच शब्द येतो आणि त्यातून शरीराचा जडपणा व मनाचा संकोच दोन्ही व्यक्त होतात. इतका ऐसपैस शब्द या बाबतीत इंग्रजीतही मला सापडलेला नाही.

तुमचे वाक्य मी असे करीन : 'पायात येणारा ओव्हरकोट सावरत, बधिरलेल्या बोटांनी तो वडिलांची न आवरणारी छत्री उघडू लागला.'