अभ्यास टाळतेस की विचारणं टाळतेस?

प्रश्न : ताई, मी हायस्कूलमध्ये शिकते. रोज ठरवते की आज सातला अभ्यासाला बसायचं, बसते पण, वह्या काढते, पेनं नीट लावते, टाइमटेबल परत नवीन बनवते, मग मोबाइल हातात येतो आणि डायरेक्ट दहा वाजतात. सायन्सचं प्रोजेक्ट तीन आठवडे तसंच पडलंय. गणितात त्रिकोणमितीपासून काही कळत नाहीये पण वर्गात हात वर करायची हिंमत होत नाही, मी खूप लाजाळू आहे. भाषेचे निबंध तेवढे वेळेत होतात. घरचे आळशी म्हणतात, मलाही आता तसंच वाटायला लागलंय. मोटिव्हेशन कसं आणायचं? आणि माझ्यासारखीने कुठलं करिअर घ्यावं, जिथे लोकांशी फार बोलावं लागणार नाही?

उत्तर :

सगळे जिला आळशी म्हणतायत ती मुलगी रोज सातला टेबलाशी येऊन बसते, हे तुझ्या पत्रात मला सगळ्यात आधी दिसलं. आळशी माणूस आधी येऊन बसतच नाही, आणि नाही बसला म्हणून त्याला वाईटही वाटत नाही. तू तीन तास तिथे बसून स्वतःला खात असतेस, त्यात खरं तर अभ्यासापेक्षा जास्त दमायला होतं. त्यामुळे तो शब्द आपण सध्या बाजूला ठेवू.

तू दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेस, मोटिव्हेशनचा एक आणि लाजाळूपणाचा एक. मला ते एकच वाटतायत. का ते सांगते. पत्रात मध्येच एक वाक्य टाकलंयस की निबंध वेळेत होतात. म्हणजे बसता येतं, काम पूर्णही करता येतं. मग अडलंय काय तर प्रोजेक्ट, जिथे सरांकडे जाऊन काहीतरी विचारावं लागणार आणि नंतर सगळ्यांसमोर मांडावं लागणार, आणि त्रिकोणमिती, जिथे हात वर करावा लागणार. निबंधाला कोणालाच काही विचारावं लागत नाही ना, म्हणून तो होतो. माझा अंदाज असा की तू अभ्यास टाळतच नाहीयेस, तू विचारणं टाळतेयस आणि त्याच्यामागे अभ्यास अडकून पडलाय.

टाळाटाळीवर संशोधन करणाऱ्या फुशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या दोघांनी २०१३ मध्ये हेच मांडलं होतं, की चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा मूड सांभाळायचा प्रकार जास्त असतो. वही उघडली की पोटात कसंतरी होतं, मोबाइल घेतला की ते लगेच थांबतं, आणि मेंदूला एवढंच लक्षात राहतं की मोबाइल घेतला की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी तीच वही अजून जड वाटते. यात टाइमटेबल कितीही रंगीत पेनांनी केलंस तरी उपयोग नाही कारण प्रॉब्लेम वेळेचा नव्हताच (आणि टाइमटेबल परत परत बनवणं ही पण चालढकलच आहे बरं का, फक्त ती अभ्यासासारखी दिसते म्हणून घरचे ओरडत नाहीत).

आता तीन आठवडे वाया गेले म्हणून स्वतःला शिव्या घालणं बंद कर. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० मध्ये युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर एक अभ्यास केला होता, पहिल्या परीक्षेला चालढकल झाल्यावर ज्यांनी स्वतःला माफ करून टाकलं त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. साधं आहे, टेबलाशी गेलं की रोज बोलणी खायची असतील, भले स्वतःचीच, तर टेबलाशी जायला कोणाला आवडेल?

मोटिव्हेशनचं म्हणशील तर त्याची वाट बघू नकोस. बहुतेक वेळा ते काम सुरू झाल्यावर येतं, आधी नाही. तू ठरवतेस काय तर "सातला बसायचं". बसतेस की! पण बसल्यावर पहिल्या मिनिटाला हाताने काय करायचं ते ठरलेलंच नसतं, आणि त्या रिकाम्या मिनिटात मोबाइल शिरतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये "अमुक झालं की मी तमुक करणार" अशा बांधणीच्या ठरावांवर लिहिलं होतं, नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव जास्त पाळले जातात. तुझ्यासाठी म्हणजे, "खुर्चीत बसले की सरावसंचातलं पहिलं गणित वहीत उतरवून घेणार." सोडवायचं नाही, फक्त उतरवायचं. इतकं छोटं की त्याची भीतीच वाटू नये. मग टायमर लाव दहा मिनिटांचा. पंचवीस मिनिटं काम आणि मग छोटी सुट्टी, हे पोमोडोरो नावाचं तंत्र नंतर बघू, आत्ता दहाच. दहा मिनिटांनी उठावंसं वाटलं तर खरंच ऊठ, स्वतःला फसवू नकोस की दहा म्हणायचं आणि तास बसवायचं, उद्या तुझा स्वतःवर विश्वास बसणार नाही. मोबाइल सायलेंटवर नको, दुसऱ्या खोलीत.

आता मुख्य मुद्दा, विचारणं. "मला त्रिकोणमिती कळत नाही" हा प्रश्न कोणीच विचारू शकत नाही, बिनधास्त मुलंही नाही, कारण त्याला उत्तरच नसतं. प्रश्न बारीक करायला लागतो. दहा मिनिटांत जिथे अडशील तिथे पेन्सिलने खूण कर आणि बाजूला एक ओळ लिही की नक्की कुठल्या पायरीला अडलं. उदाहरणार्थ, "साइन ३० म्हणजे १/२ हे आलं कुठून?" हा झाला प्रश्न, आणि याला उत्तर आहे. समभुज त्रिकोण घे, प्रत्येक बाजू २. वरच्या टोकातून खाली लंब टाक. पाया मधोमध कापला जाऊन १ आणि १ झाला, वरचा ६० चा कोन अर्धा होऊन ३० झाला. आता अर्ध्या त्रिकोणात ३० च्या समोरची बाजू १, कर्ण २, म्हणून १/२. बघ, पाठ करायचं काही उरलंच नाही. गंमत म्हणजे प्रश्न नीट लिहून काढला की बऱ्याचदा उत्तर तिथेच सुचतं आणि विचारायची वेळच येत नाही.

जे उरतील ते विचार, पण हात वर करण्यापासून सुरुवात करू नकोस, ती सगळ्यात वरची पायरी आहे. आधी चिठ्ठी किंवा मेसेज, तू निबंध लिहिणारी मुलगी आहेस, लेखी विचारणं तुला जमणार. मग तास संपल्यावर एकटी जाऊन. मग शेजारच्या मुलीला. वर्गात सगळ्यांसमोर कधी जमलं तर जमलं, घाई नाही.

आणि सगळे माझ्याकडे बघतील असं जे वाटतं ना, त्याबद्दल एक मजेशीर प्रयोग आहे. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तो छापला. कॉलेजच्या मुलांना एका गायकाचा मोठा फोटो असलेला टी-शर्ट घालायला लावला, जो घालून चारचौघांत जायची त्यांना लाज वाटेल असा, आणि बाकीची मुलं बसली होती त्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी तो फोटो पाहिला असणार. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला. तुझ्या प्रश्नाचंही तसंच होणार, अर्ध्या वर्गाला स्वतःच्याच टी-शर्टचं टेन्शन असतं.

करिअरचं. इथे मी तुझ्याशी सहमत नाही. एकटं काम करायला आवडणं वेगळं आणि लोक काय म्हणतील या भीतीने गप्प बसणं वेगळं. पहिला स्वभाव आहे, तो राहू दे, त्यावरून करिअर निवडलं तरी चालेल. पण भीतीवरून निवडू नकोस, कारण बोलावंच लागत नाही असं काम मला तरी माहीत नाही. लोकांना वाटतं प्रोग्रामर एका कोपऱ्यात बसून कोड लिहितो, पण त्याचा कोड दुसरे तपासतात, चुका काढतात, आणि अडल्यावर तासाभरात विचारणारा माणूस टीमला जास्त आवडतो, दोन दिवस गप्प बसणाऱ्यापेक्षा. लॅबमध्ये तेच, अकाउंट्समध्ये तेच. लिखाण वेळेत होतंय तर त्या बाजूची कामं बघून ठेव, संपादन, टेक्निकल रायटिंग, भाषांतर, संशोधन, पण आत्ता काही फायनल करू नकोस. त्रिकोणमिती भीतीने सुटली म्हणून सायन्स सोडलं असं व्हायला नको. आधी ती कळू दे, मग आवडत नसेल तर खुशाल सोड.

झोपेचं विचारलं नाहीस पण दहानंतर जागून भरपाई करत असशील तर नको. तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात, त्याच्या खाली गेलं की दुसऱ्या दिवशी सातला परत तेच होणार. आणि एक गोष्ट सिरियसली सांगते, दोन आठवड्यांच्या वर सतत उदास वाटतंय, जे आवडायचं तेही नकोसं झालंय, झोप-भूक बिघडलीय असं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून घरच्यांना सांग आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाला भेट. तसंच लहानपणापासून प्रत्येकच गोष्टीत लक्ष टिकत नसेल तर तेही तपासून घेता येतं. पण निबंध वेळेत होतायत, त्यामुळे मला ते कमी वाटतंय, अर्थात पत्रावरून कळायलाही मर्यादा आहेत.

घरी एवढंच सांगून बघ, की मला आळशी म्हणू नका, सातला फक्त विचारा की आज पहिलं काय उतरवतेयस.

राहिलं प्रोजेक्ट. ते पूर्ण करून मग सरांकडे जाईन असं तुझ्या डोक्यात असणार, म्हणूनच ते होत नाहीये. अर्धवटच ने. मेसेज मीच लिहून देते, विषय तेवढा तुझा घाल: "सर, माझं प्रोजेक्ट अजून झालं नाहीये, सॉरी. विषय अमुक ठरवलाय, पण प्रयोग कसा मांडायचा तिथे अडलेय. उद्या मधल्या सुट्टीत पाच मिनिटं येऊ का?" यातली सुट्टीची वेळ गाळू नकोस हं, नाहीतर सर म्हणतील ये कधीतरी, आणि तू काही कधीतरी जाणार नाहीस.